नाइट ड्यूटी आणि दोनशे शब्दांचं पत्र

मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयातल्या स्टाफ नर्सनं ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा कुठलाही क्लास न लावता, तिन्ही शिफ्ट आणि घर सांभाळून कशी दिली, त्याची ही हकीकत. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि तिच्याच गल्लीत राहते. तिची सरावाची पत्रं तपासायचं काम माझ्याकडं आलं, म्हणून हा अभ्यास जवळून बघता आला. तिचं नाव देत नाही. गल्लीत लहानथोर सगळे तिला सिस्टर म्हणतात, इथंही तेच चालेल.

सिस्टर जत तालुक्यातल्या एका गावची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीनंतर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. नवरा कुपवाड एमआयडीसीत कामाला, मुलगी चौथीत, घरात सासूबाई, त्यांना जुना मधुमेह. ब्रिटनला जायचं हे नवरा-बायकोनं मिळून ठरवलेलं. तिथं नर्स म्हणून नोंदणी हवी तर नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला इंग्रजीचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी आयईएलटीएस ही सर्वसाधारण इंग्रजीची परीक्षा किंवा ओईटी, दोन्हींपैकी एक चालते. आयईएलटीएसची फी बरीच कमी. पण तिच्या लेखनाच्या पेपरात आलेखाचं वर्णन करायचं आणि सार्वजनिक विषयावर अडीचशे शब्दांचा निबंध लिहायचा. ओईटीत नर्सला नर्सचंच काम मिळतं : केसच्या नोंदी वाचून पत्र लिहायचं, पेशंटशी बोलायचं, डॉक्टर-पेशंटचं संभाषण ऐकून टिपणं पुरी करायची. तिनं ओईटी निवडली. फी ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये, पाचशेच्या वर. रुपयांत तीस हजारांच्या पुढं, म्हणजे तिच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. त्यामुळं 'बसून तर बघू, नाही झालं तर परत देऊ' म्हणायची सोय नव्हती.

आजूबाजूच्यांचं म्हणणं, ओईटी सोपी असते. मला तसं वाटत नाही. ती ओळखीची असते, एवढंच. आणि ओळखीच्या गोष्टीत माणूस कुठं अडकेल ते आधी कळत नाही.

कौन्सिलला ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत बी ग्रेड लागते, म्हणजे ५०० पैकी किमान ३५०. लेखनात सी प्लस चालतं, म्हणजे ३००. लेखनाला सूट आहे, याचा अर्थ ते बऱ्याच जणांना जड जातं हे कौन्सिललाही ठाऊक असावं. दोन वेळा परीक्षा देऊन दोन्ही निकाल एकत्र धरता येतात, मात्र दोन्ही बारा महिन्यांच्या आत हव्यात आणि कुठल्याच भागात गुण फार खाली गेलेले चालत नाहीत. या सवलतीकडं सुरुवातीला आम्ही कुणी लक्ष दिलं नव्हतं. शेवटी तीच कामाला आली.

तिचं इंग्रजी कसं होतं म्हणाल, तर केस पेपरचं. दहा-अकरा वर्षं रोज इंग्रजी लिहीत होती, पण तुटक. टीपीआर म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा चार्ट, सलाइन किती वाजता लावली, शुगर किती, डॉक्टरांना फोन केला त्याची वेळ. वाक्य पुरं करायची वेळच येत नाही, कारण क्रियापद नसलं तरी पुढच्या शिफ्टला सगळं समजतं. औषधांची आणि आजारांची नावं तिला माझ्यापेक्षा शंभरपट जास्त येत होती. 'द' कुठं लावायचा हे मात्र विचारू नये. ऐकण्याचंही तसंच. रुग्णालयातले डॉक्टर इंग्रजी शब्द वापरतात, पण वाक्य मराठीत नाही तर हिंदीत संपतं. सलग पाच मिनिटं इंग्रजी, तेही ऑस्ट्रेलियन किंवा ब्रिटिश उच्चारातलं, तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

ड्यूटीप्रमाणे दिवस

पहिलं वेळापत्रक तिनं वहीत छान आखलं होतं. सोमवारी वाचन, मंगळवारी ऐकणं, असं सातही वार. ते आठवडाभरसुद्धा टिकलं नाही. मंगळवार हा कधी मॉर्निंगचा असतो, कधी नाइट संपवून घरी येण्याचा. इनचार्ज सिस्टर ड्यूटी लावतात आठवड्याची, पण कुणी आजारी पडलं की संध्याकाळी फोन येतो, 'उद्या नाइटला येशील का गं?' वारावर बांधलेलं वेळापत्रक तिथंच मोडतं, आणि मोडलं की वाटायला लागतं, आपल्यातच शिस्त नाही. तिला तसं वाटायला लागलंही होतं.

मग तिनं वार काढून टाकले आणि दिवसांचे प्रकार केले. ही कल्पना पूर्ण तिची, मी फक्त माना डोलावल्या. इव्हिनिंग असली, दुपारी दोन ते रात्री आठ, की सकाळ तिची. मुलगी शाळेत, नवरा कामावर, स्वयंपाक उरकलेला. दहा ते बारा डोकं ताजं असतं, म्हणून लेखन तेव्हाच, दुसऱ्या कुठल्याही वेळी नाही. मॉर्निंग असली की तीनच्या सुमाराला घरी, जेवण, आणि मुलगी यायच्या आत घड्याळ लावून वाचनाचा एक तुकडा. नाइट आठ ते आठ. वडापच्या गाडीनं घरी येऊन झोप, उठायला दुपारचे दोन. त्या दिवशी नवं काहीच करायचं नाही. आधी ऐकलेलंच परत लावायचं आणि भाकरी थापता थापता कानावर पडू द्यायचं, बस.

'नाइटला पेशंट झोपलेलेच असतात की, तेव्हा कर अभ्यास,' हा सल्ला तिला निदान दहा जणांनी दिला असेल. त्यातला एकही जण वॉर्डात रात्रभर थांबलेला नव्हता. सलाइन संपत येते, कुणाला उलटी होते, कुणाचे नातेवाईक नर्सिंग स्टेशनला येऊन उभे राहतात, पहाटे चारला ऑपरेशनच्या पेशंटची तयारी, पाचला स्पंजिंग, मग सगळ्यांचे टीपीआर. यातून पंधरा मिनिटं सापडली तरी तेव्हा पुस्तक उघडलं तर लक्ष पेशंटकडं राहत नाही. ड्यूटीवर अभ्यास नाही, हे तिनं स्वतःच ठरवलं आणि पाळलं. माझ्या मते तिच्या सगळ्या नियमांत हा सर्वांत शहाणा.

वाचनाचा पेपर तिला लवकर जमला. त्यातला पहिला भाग पंधरा मिनिटांचा : एकाच विषयावरचे चार छोटे मजकूर आणि वीस प्रश्न. वेळ संपली की तो भाग बंद, मागं जाता येत नाही. ती सुरुवातीला चारही मजकूर पहिल्या ओळीपासून वाचत बसायची, जीएनएमला पुस्तक वाचायची तशी, आणि बाराव्या प्रश्नाला वेळ संपायची. वॉर्डात मात्र ती औषधाचा डोस बघायला केस पेपर पहिल्या पानापासून कधीच वाचत नव्हती, थेट औषधांच्या तक्त्यावर जायची. आधी प्रश्न बघायचा, मग चारातला कुठला मजकूर तक्ता आहे, कुठला सूचना आहे ते हेरायचं, हे एकदा तिला सांगितलं आणि पुढं काही सांगावं लागलं नाही. लांब उताऱ्यांना, जिथं लेखकाचं मत काय ते ओळखायचं असतं, तिथं ती शेवटपर्यंत धडपडत राहिली.

ऐकण्याच्या पेपरात ध्वनिफीत एकदाच लागते. एक उत्तर लिहीपर्यंत पुढचं निघून जातं. बीबीसीचे आणि ऑस्ट्रेलियाच्या एबीसी रेडिओचे आरोग्यावरचे कार्यक्रम फुकट ऐकता येतात, त्यावर तिनं कान तयार केला. सुरुवातीला ऑस्ट्रेलियन बाई बोलायला लागली की ती हसायची, 'मॅडम, ही 'टुडे' म्हणत्ये का 'टू डाय'?' नर्सला हा घोळ परवडणारा नाही, हे तिनंच पुढं म्हटलं. महिन्या-दोन महिन्यांत तो प्रश्न उरला नाही.

पत्र

खरी लढाई लेखनाची. पेपर ४५ मिनिटांचा. पहिली पाच मिनिटं फक्त वाचायची, लिहायला मनाई. मग ४० मिनिटांत पेशंटच्या नोंदींवरून साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र : कधी डॉक्टरला, कधी घरी जाऊन काळजी घेणाऱ्या कम्युनिटी नर्सला, कधी फिजिओथेरपिस्टला. तपासताना सहा निकष असतात. पत्राचा उद्देश लगेच कळतो का, मजकूर नेमका आहे का, संक्षिप्तता आणि स्पष्टता, लेखनाचा बाज, मांडणी, आणि शेवटी भाषा. म्हणजे व्याकरण हा सहातला एक. हे ऐकून तिला हायसं वाटलं होतं. मला वाटलं नाही, कारण उरलेल्या पाचांना व्याकरणाचं पुस्तक नसतं.

वॉर्डातल्या केरळच्या एका सिस्टरनं तिला नमुना पत्रांची एक पीडीएफ दिली होती. ती फाइल किती हातांतून फिरून आली असेल कोण जाणे. सुरुवातीची वाक्यं त्यात उपयोगी होती. पण तिनं पत्रंच्या पत्रं पाठ करायला घेतली आणि नव्या पेशंटवर जुनं पत्र बसवायला लागली. एका पत्रात पेशंटला दम्याचा त्रास नसताना इनहेलर आला, तेव्हा ती फाइल आम्ही बंद केली.

मी तपासलेलं तिचं पहिलं पत्र अजून आठवतं. नोंदी सरावाच्या : ७२ वर्षांच्या विधवा बाई, घरात पडून खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, मधुमेह जुना पण इन्सुलिन आताच सुरू केलेलं, घरी एकट्या, मुलगी दुसऱ्या गावी. त्या घरी चालल्यात, पत्र कम्युनिटी नर्सला लिहायचंय. सिस्टरचं पत्र तीनशे शब्दांच्या पुढं गेलेलं. दाखल केल्या दिवशीचं बीपी, ताप, रक्ताच्या सगळ्या तपासण्या, वीस वर्षांपूर्वी झालेलं पित्ताशयाचं ऑपरेशन, सगळं क्रमानं. पत्र कशासाठी लिहिलंय ते शेवटच्या परिच्छेदात. टाके कोणत्या तारखेला काढायचे ते कुठंच नाही, कारण ती नोंद कागदाच्या तळाशी होती आणि तिथं पोचेपर्यंत वेळ संपली. बाई एकट्या राहतात याचाही उल्लेख नाही. आणि शेवटी, 'काइंडली डू द नीडफुल.'

या वाक्यावर मी थोडी अडून बसले. आपल्याकडं अर्जात, ऑफिसच्या पत्रात ते सर्रास चालतं आणि कुणाला खटकत नाही. पण ते पत्र हातात घेऊन एखादी नर्स त्या बाईंच्या दारात उभी राहिली, तर 'नीडफुल' म्हणजे तिनं नेमकं काय करायचं? ड्रेसिंग? टाके? इन्सुलिन टोचायला शिकवायचं? घरातले गालिचे, पायऱ्या, बाथरूम बघायचं, म्हणजे परत पडायला नको? ते सांगण्यासाठीच तर हे पत्र.

'मग सगळंच लिहिलंय की मी, त्यातलं तिला हवं ते ती घेईल,' असं तिचं म्हणणं. वॉर्डाची शिकवण तीच असते : लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. नोंद सुटली तर उद्या आपल्यावर येतं. त्या भीतीनं ती काहीच गाळायला तयार नव्हती, आणि ती भीती खोटी नव्हती. पण हे पत्र म्हणजे काही नोंदवही नव्हे.

चार-पाच पत्रं अशीच झाली. मी लाल पेन्सिलीनं खोडायचे, ती पुढच्या पत्रात दुसरं काहीतरी भरायची. मग एकदा मी तिला विचारलं, सकाळी आठला पुढच्या शिफ्टकडं पेशंट सोपवताना हँडओव्हर कसा देतेस? देऊन दाखव, मराठीत. तिनं बसल्या जागेवरून दिला : 'सात नंबरच्या आजी, खुब्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. शुगर रात्री चढली होती, इन्सुलिन दिलंय, अकराला परत बघा. ड्रेसिंग आज बदलायचंय. उठताना धरा, काल बाथरूमला एकट्याच निघाल्या होत्या. लेक दुपारी येणाराय, डॉक्टरांशी बोलायचंय तिला.' अर्धं मिनिट लागलं असेल. पित्ताशयाचं नाव नाही, दाखल केल्या दिवशीच्या बीपीचं नाव नाही. पुढच्या शिफ्टला काय लागणार तेवढंच, आणि त्याच क्रमानं.

म्हणजे काय गाळायचं हे तिला येत होतं. रोज तीन शिफ्टच्या तोंडावर तेच करत होती. इंग्रजीत कागद पुढं आला की ते कौशल्य बाजूला राहायचं आणि परीक्षेला बसलेली विद्यार्थिनी जागी व्हायची. तिथून आम्ही पद्धत बदलली. पाच मिनिटं नोंदी वाचायच्या, वही मिटायची, आणि पत्र ज्याला जाणार त्याला मराठीत हँडओव्हर द्यायचा, मोबाइलवर रेकॉर्ड करून. मग तो ऐकत इंग्रजी पत्र लिहायचं. परीक्षेत अर्थातच रेकॉर्डिंग नाही, पण काही आठवड्यांत मोबाइलची गरज उरली नाही, ती ओठ हलवत मनातल्या मनात द्यायला लागली. पत्रं दोनशे शब्दांच्या आसपास आली. टाके काढायची तारीख आता दुसऱ्या परिच्छेदात असायची.

मराठीतून विचार करून इंग्रजी लिहायचं नसतं असं आम्ही शिक्षक वर्गात घसा कोरडा करून सांगतो. वाक्याबद्दल ते बरोबरच आहे. पण काय सांगायचं आणि काय नाही हे ठरवायला तिला जी भाषा हाताशी होती, ती वापरणं शहाणपणाचं होतं. पुस्तकी नियमासाठी ते सोडायला मी तरी सांगणार नाही.

वाक्यांच्या चुका राहिल्याच. तिची एक चुकांची वही होती, डावीकडं चुकलेलं, उजवीकडं दुरुस्त. दोन महिन्यांनी वही चाळली तर दिसलं की डझनभर चुकाच आलटून पालटून येतात. बाकीचं व्याकरण सोडून दिलं आणि फक्त त्या डझनाच्या मागं लागलो.

आणि इथंच स्वयंअध्ययनाची हद्द दिसते. वाचन आणि ऐकणं यांची उत्तरं मागच्या पानावर असतात. चुकलं की कळतं, का चुकलं तेही शोधता येतं. पत्राला उत्तरपत्रिका नाही. नमुना उत्तर शेजारी ठेवलं तरी आपलं पत्र कुठं कमी पडतं ते लिहिणाऱ्याला दिसत नाही, कारण जे राहिलंय ते त्याच्या डोक्यात असतंच. तिच्याजवळ मी होते हा योग. ज्यांच्याजवळ कुणी नाही त्यांनी पैसे कुठं खर्चायचे असतील, तर तीन महिन्यांच्या क्लासपेक्षा दहा पत्रं नीट तपासून देणाऱ्यावर खर्चावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तपासणारा ओईटीवालाच हवा असंही नाही. पत्र वाचून 'मला यातून काय करायचं ते कळलं नाही' असं तोंडावर सांगणारा हवा.

सासूबाई आणि सुई

बोलण्याच्या परीक्षेत दोन प्रसंग असतात. हातात एक कार्ड मिळतं, तयारीला तीनेक मिनिटं, मग पाच मिनिटं संभाषण. समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो. गुण फक्त उच्चार आणि व्याकरणाला नाहीत. पेशंटशी नातं जुळवलं का, त्याची बाजू समजून घेतली का, माहिती तुकड्यातुकड्यानं आणि विचारत विचारत दिली का, यालाही आहेत.

घरी पेशंट कोण होणार? सासूबाई. मुलगी घड्याळ घेऊन बसायची. सासूबाई मराठीतच बोलणार, सिस्टर इंग्रजीत, आणि अडलं तर मुलगी मध्ये सांगणार. सासूबाईंना सुरुवातीला हा पोरखेळ वाटायचा. 'एवढं इंग्लिश बोलल्यावर मला काय कळंना बघ,' म्हणायच्या, पण बसायच्या.

एका कार्डावर प्रसंग होता : गोळ्यांनी शुगर आटोक्यात येत नाही, पेशंटला इन्सुलिन सुरू करायचंय, आणि पेशंट नाही म्हणतो. सासूबाईंना यात अभिनय करावाच लागला नाही. त्यांच्या डॉक्टरांनी तेच सुचवलेलं आणि त्या टाळत होत्या. 'सुई नको मला,' एवढं म्हणून गप्प. सिस्टरनं लगेच सुरू केलं : इन्सुलिन म्हणजे काय, फायदे काय, सुई किती बारीक असते, नाही घेतलं तर डोळ्यांवर आणि किडनीवर काय होतं. इंग्रजी चांगलं होतं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. पाच मिनिटं संपली.

वॉर्डात असंच चालतं आणि त्यात तिचा दोष नाही. सकाळच्या वेळेला दोघीजणी अख्खा वॉर्ड बघतात. 'आजी, गप गोळी घ्यायची बघू,' म्हणून प्रेमानं दटावलं की काम होतं. 'असं एकेकाला विचारत बसलं तर मॉर्निंगचं काम इव्हिनिंगवर जाईल, मॅडम,' ती म्हणाली. खरं आहे. पण परीक्षा ज्या पद्धतीची वागणूक मागते ती ही नव्हे.

मी म्हटलं, माहिती एकही द्यायची नाही, आधी फक्त विचार की सुई का नको. दुसऱ्या खेपेला तिनं विचारलं. मुलीनं मराठीत सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या थोरल्या बहिणीला सुई लागली आणि वर्षात तिची नजर गेली. सुईनंच गेली. एकदा लागली की माणूस पुढं आंधळाच होतो.

सिस्टर कार्ड खाली ठेवून मराठीवर आली. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि हे तिनं पहिल्यांदा ऐकलं. मावशींची शुगर आधीच किती वर्षं वाढलेली होती, डोळे त्यानं गेले, सुई उशिरा लागली म्हणून ती बदनाम झाली, असं बराच वेळ चाललं. त्या दिवशी सराव पुढं गेला नाही. सासूबाईंनी इन्सुलिन लगेच घेतलं असं नाही, पण डॉक्टरांकडं परत जायला तयार झाल्या. पुढच्या सगळ्या सरावांत मात्र सिस्टर पहिला प्रश्न विचारून थांबायची, हे मी बघितलं. थांबणं तिला व्याकरणापेक्षा जड गेलं होतं.

निकाल

परीक्षा पुण्यात. आदल्या रात्री नाइट लागू नये म्हणून तिनं एका सहकारी सिस्टरशी अदलाबदल केली आणि बदल्यात दिवाळीतल्या पाडव्याची ड्यूटी घेतली. घरातून यावर थोडी कुरकुर झाली. एसटीनं आदल्या दिवशीच जाऊन एका नातेवाइकांकडं मुक्काम केला.

पहिल्या वेळी ऐकणं ३६०, वाचन ३५०, बोलणं ३७०, लेखन २८०. लेखनाला वीस गुण कमी. आता परत एवढी फी भरायची, म्हणून घरात आठवडाभर विषय निघाला नाही. याच सुमाराला राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्याच्या बातम्या जुन्या झाल्या होत्या आणि नवऱ्याचा एक मित्र 'इंग्लिश सोडा, जर्मन शिका' म्हणून मागं लागला होता. जर्मन शून्यापासून शिकायची आणि तीही वरच्या पातळीपर्यंत. सिस्टरनं त्याला चहा दिला आणि विषय संपवला.

हँडओव्हरची पद्धत खरं तर पहिल्या परीक्षेच्या थोडीच आधी सुरू झालेली, मुरायला वेळ मिळाला नव्हता. पुढचे चार महिने तिनं बाकी सगळं बाजूला ठेवून इव्हिनिंगच्या प्रत्येक सकाळी एक पत्र लिहिलं. वाचनाचा सराव जवळजवळ बंद. त्याचा परिणाम दुसऱ्या निकालात सरळ दिसतो : लेखन ३२०, ऐकणं ३७०, बोलणं ३६०, आणि वाचन ३४०. वाचन दहा गुणांनी घसरलं. निकाल बघून ती फोनवर रडली, कारण तिला वाटलं, आता वाचनासाठी तिसऱ्यांदा फी. मग आम्ही कौन्सिलचा नियम परत नीट वाचला. पहिल्या वेळचं वाचन, दुसऱ्या वेळचं लेखन, दोन्ही परीक्षा बारा महिन्यांच्या आत, खाली गेलेले गुणही चालण्याएवढे. दोन्ही मिळून झालं.

एकाच बैठकीत चारही जमलं असतं तर बरं, पण शिफ्टमध्ये काम करणारीला चारही आघाड्या एका वेळी तापत्या ठेवणं अवघड असतं. नियम मुळात माहीत असता तर पहिल्या निकालानंतरचा तो आठवडा तरी हलका गेला असता.

आता तिच्यापुढं कौन्सिलची संगणकावरची चाचणी आहे आणि ती पार पडली की ब्रिटनमध्ये गेल्यावर प्रात्यक्षिक. संगणकावरच्या चाचणीचा एक भाग गणिताचा : अर्ध्या तासात पंधरा प्रश्न, औषधाचा डोस, सलाइनचे थेंब मिनिटाला किती, अशा प्रकारचे. मी विचारलं, यात काही मदत लागेल का, माझ्या कॉलेजात गणिताचे एक चांगले सर आहेत. तिनं सरावाचा कागद माझ्यापुढं सरकवला, पंधराही सोडवलेले होते.

'हे नको मॅडम, हे मी नाइटला झोपेतसुद्धा करते,' ती म्हणाली. 'तुम्ही फक्त प्रश्नातलं इंग्लिश नीट वाचलंय का तेवढं बघा.'